बीएमडब्ल्यूच्या चिन्हात पंखा नाही

‘बीएमडब्ल्यूचं निळं-पांढरं चिन्ह म्हणजे आकाशात फिरणारा विमानाचा पंखा’, असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. ही कंपनी सुरुवातीला विमानांची इंजिनं बनवत होती, हे खरं आहे. त्यामुळे ही गोष्ट पटकन पटते.

पण तारखा पाहा. चिन्हाची नोंदणी १९१७ची. त्याभोवतीचं काळं वर्तुळ राप या आधीच्या इंजिन कारखान्याच्या चिन्हातून आलं. आतले रंग बव्हेरिया या जर्मन प्रांताचे, कारण कंपनीच्या नावातला ‘बी’ बव्हेरियाचाच. राज्यचिन्हं व्यापारी चिन्हात वापरायला तेव्हा कायद्याने बंदी होती, म्हणून रंगांचा क्रम उलटा ठेवला.

मग पंखा आला कुठून? १९२९च्या एका जाहिरातीतून. तिच्यात विमानाच्या फिरत्या पंख्यावर हे चिन्ह दाखवलं होतं. चित्र इतकं देखणं होतं की पुढे तेच मूळ कथा होऊन बसलं, आणि कंपनीनेही ते फारसं खोडून काढलं नाही.

स्वतः पडताळायचं असेल तर बव्हेरियाचा निळ्या-पांढऱ्या चौकटींचा ध्वज चिन्हाशेजारी ठेवून पाहा. नोंदणी आणि जाहिरात यांत तब्बल बारा वर्षांचं अंतर आहे, तेही लक्षात घ्या.