मॅडव्हिलनी

मॅडव्हिलनी : अमेरिकन हिप हॉपमधला एक संयुक्त अल्बम. रॅपर एमएफ डूम आणि प्रोड्यूसर, म्हणजे रॅपखालचे संगीत रचणारा, मॅडलिब यांनी ‘मॅडव्हिलन’ या जोडनावाने तो केला. लॉस एंजेलिसच्या स्टोन्स थ्रो या छोट्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, २३ मार्च २००४ रोजी तो बाजारात आणला. एकूण २२ तुकडे, सगळे मिळून जेमतेम ४६ मिनिटे. रेडिओवर गाजेल असे एकही गाणे त्यात नाही, तरीही गेल्या पंचवीस वर्षांतल्या हिप हॉपची कुठलीही यादी त्याच्याशिवाय पुरी होत नाही.

जोडीतले दोघेही लपून राहणारे. डूमचे खरे नाव डॅनियल डुमिले. जन्म १९७१ मध्ये लंडनचा, वाढला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये. धाकटा भाऊ डीजे सबरॉक याच्यासोबत तो ‘केएमडी’ या गटात होता. १९९३ मध्ये सबरॉक मोटारीच्या धडकेत गेला आणि पुढच्याच वर्षी मुखपृष्ठावरच्या चित्राच्या वादातून इलेक्ट्रा कंपनीने गटाचा तयार अल्बम दाबून ठेवला. काही वर्षांच्या अज्ञातवासानंतर डुमिले परतला तो कॉमिक्समधल्या डॉक्टर डूम या खलनायकाचा मुखवटा चढवून. आपले नाव सगळे इंग्रजी कॅपिटल अक्षरांतच लिहा, असा त्याचा हट्ट. देवनागरीत तो पुरवायची सोय नाही. मॅडलिब म्हणजे कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डचा ओटिस जॅक्सन ज्युनियर. स्वतःचाच आवाज बारीक करून ‘क्वासिमोटो’ या काल्पनिक पात्राच्या नावाने त्याने २००० मध्ये अख्खा अल्बम काढला होता. मुलाखतींचा त्याला कंटाळा. दिवसरात्र जुन्या रेकॉर्डी ऐकायच्या आणि त्यातून बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारे संगीत, काढत बसायचे, हाच उद्योग.

तरीही दिलेल्या एका मुलाखतीत मॅडलिबने आपल्याला जे डिला हा प्रोड्यूसर आणि डूम यांच्याबरोबर काम करायचे आहे असे सांगितले. डूम तेव्हा जॉर्जियात राहत होता. स्टोन्स थ्रोचा कारभार पाहणाऱ्या ईगॉनने ओळखीतून त्याच्यापर्यंत बीट पोचवले आणि २००२ मध्ये त्याला लॉस एंजेलिसला आणले. लेबलचे ऑफिस म्हणजे माउंट वॉशिंग्टन भागातले एक राहते घर. तळघरात जुना बाँबनिवारा होता, तोच मॅडलिबचा स्टुडिओ. विमानाच्या तिकिटांतच लेबलचा गल्ला रिकामा झाला होता. ईगॉन सांगतो त्याप्रमाणे, डूमची मॅनेजर ठरलेल्या दीड हजार डॉलरसाठी अडून बसली होती आणि तो स्वतः तिला बोलण्यात गुंतवत होता, कारण तेवढ्या वेळात खाली डूम मॅडलिबबरोबर कामाला लागला होता. पुढे करार झाला तो कागदी प्लेटवर.

‘एकत्र काम’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते तसे चित्र इथे नव्हते. मॅडलिब तळघरात बीट करायचा आणि सीडी वर पाठवायचा. डूम बाहेर बसून ओळी लिहायचा. दोघांत बोलणे फार थोडे. एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसले नाही, आणि अल्बमचा मोकळेपणा बराचसा त्यातूनच आला आहे.

२००२ च्या अखेरीस मॅडलिब ब्राझीलला गेला. तिथे दिवसा रेकॉर्डी धुंडाळायच्या आणि हॉटेलच्या खोलीत रात्री त्यांचे बीट करायचे, असा क्रम होता. साधने तीनच : नेता येण्याजोगा टर्नटेबल, कॅसेट डेक आणि बॉस कंपनीचा एसपी-३०३ हा छोटेखानी सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्डीतले तुकडे (सॅम्पल) उचलून पुन्हा वाजवणारे यंत्र. ‘रेड’, ‘स्ट्रेंज वेज’ यांसारख्या तुकड्यांचे बीट त्या खोलीतले. अल्बमची कच्ची प्रतही त्याने बरोबर नेली होती. ती चोरीला गेली आणि अल्बम इंटरनेटवर फुटला, प्रकाशनाच्या तब्बल चौदा महिने आधी.

दोघांचाही उत्साह मावळला. मॅडलिब डिलाबरोबरच्या ‘चँपियन साउंड’कडे वळला, डूमने २००३ या एकाच वर्षात किंग गिडोरा आणि व्हिक्टर व्हॉन अशा दोन वेगळ्या नावांनी दोन अल्बम काढले. पण फुटलेली प्रत हातोहात फिरत राहिली आणि लोक भेटेल तिथे त्याबद्दल विचारू लागले, तेव्हा काम पुन्हा हाती घेतले गेले. या वेळी डूमने आवाज बदलला. कच्च्या प्रतीत तो चढ्या सुरात, जोशात रॅप करतो. नव्या ध्वनिमुद्रणात आवाज खाली आला, घोगरा आणि संथ झाला, काही ओळीही बदलल्या. ज्यांच्या कानांत जुनी प्रत बसली होती त्यांतले काहीजण नाराज झाले. दोन्ही लागोपाठ ऐकल्या की मात्र चोराने कलेवर उपकारच केले असे म्हणावेसे वाटते. हा जड, सुस्त आवाजच मॅडलिबच्या धुळकट बीटमध्ये मुरतो. शेवटच्या ‘राइनस्टोन काउबॉय’मध्ये डूम फुटलेल्या अल्बमचा टोमणा स्वतःच मारून घेतो.

रचना विलक्षण आहे. बहुतेक तुकडे दोन-अडीच मिनिटांत संपतात आणि ध्रुवपद जवळजवळ कुठेच नाही. ‘अकॉर्डियन’चेच पाहा : डेडलस या संगीतकाराच्या रचनेतला अकॉर्डियनचा छोटासा, फिरून फिरून वाजणारा लूप, खाली साधा ठेका, वर डूमच्या न थांबणाऱ्या ओळी, आणि दोन मिनिटे पुरी व्हायच्या आत सगळे आटोपते. यमक फक्त ओळीच्या शेवटी येत नाही. ओळीच्या पोटात दोन, तीन, कधी चार अक्षरांची जुळणी चालू असते आणि अर्थ मध्येच वळण घेतो. ‘फॅन्सी क्लाउन’मध्ये प्रेयसीने फसवलेला व्हिक्टर व्हॉन तिच्या नव्या मित्राच्या नावाने खडे फोडतो, तो मित्र म्हणजे डूमच. म्हणजे डूम स्वतःलाच शिव्या घालतो. अधूनमधून जुन्या चित्रपटांतले संवाद, कॉमिक्ससारखे निवेदन, आणि नुसत्या वाद्यसंगीताचे तुकडे. सॅम्पलांमध्ये बिल एव्हान्सच्या जॅझपासून ब्राझिलियन रेकॉर्डींपर्यंत काहीही सापडते. मॅडलिबची ही भूक पुढे हिंदी चित्रपटसंगीतापर्यंत पोचली. २००७ चा ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ त्याने त्याच रेकॉर्डी कापून केला.

मुखपृष्ठावर मुखवट्यातल्या डूमचे करडे छायाचित्र आहे. टिपले एरिक कोलमनने, मांडणी जेफ जँकची. कोपऱ्यात एक छोटा नारिंगी चौकोन. बाकी काही नाही.

अमेरिकेतल्या खपाच्या बिलबोर्ड २०० यादीत अल्बम १७९ व्या क्रमांकापर्यंतच पोचला. पुढे सावकाश खपत तो दीड लाख प्रतींच्या आसपास गेला, आणि एवढ्याशा लेबलच्या मानाने हा आकडा मोठा होता. समीक्षकांनी मात्र पहिल्याच आठवड्यांत डोक्यावर घेतले. पिचफोर्क या संगीत-संकेतस्थळाने १० पैकी ९.४ गुण दिले, परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर सरासरी १०० पैकी ९३ राहिली. एरवी मोठ्या कंपन्यांबाहेरच्या, ‘भूमिगत’ रॅपकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या ‘न्यू यॉर्कर’नेही दखल घेतली. २०२० मध्ये रोलिंग स्टोनच्या सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमच्या यादीत तो ३६५ वा होता. काही स्तुती आंधळीही झाली. अर्धवट सोडल्यासारखे वाटणारे दोन-तीन तुकडे त्यात खरोखरच आहेत, पण चाहत्यांना तेही मान्य होत नाही.

दुसऱ्या भागाची वाट लोक वर्षानुवर्षे पाहत राहिले. २००८ मध्ये मॅडलिबने डूमच्या जुन्याच ओळींखाली नवे बीट घालून ‘मॅडव्हिलनी २’ काढला. त्याच्या संग्राहक संचात फुटलेल्या कच्च्या प्रतीची कॅसेटही होती. नव्या अल्बमवरचे काम तुकड्यातुकड्यांनी चालले. २०१० मध्ये युरोपचा दौरा आटोपल्यावर डूमला अमेरिकेत पुन्हा प्रवेश मिळाला नाही. नागरिकत्व त्याने कधी घेतलेच नव्हते. तो इंग्लंडमध्येच राहिला आणि ३१ ऑक्टोबर २०२० रोजी लीड्समध्ये वारला. कुटुंबाने ही बातमी दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला जाहीर केली.