कोकणातले खटले: ‘बघणारं कोण होतं?’ या प्रश्नामागचा इतिहास

रत्नागिरी-सिंधुदुर्गात खून झाला की वाडीत पहिला प्रश्न येतो, ‘बघणारं कोण होतं?’ प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या शब्दाला आपल्याकडे जुना मान आहे. मराठेशाहीत साक्षी-कागदांवरून निवाडा होईना, तर दिव्य करायला लावत. रवा दिव्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हातानं काढायचा. हात भाजला नाही तो खरा ठरे.

१८७२ च्या पुरावा कायद्यानं साक्ष तोलण्याचं काम न्यायाधीशावर सोपवलं. त्याच्या कलम १३४ नं साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही असं ठरवलं. १९५७ मध्ये वडिवेलू थेवर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले: पूर्ण भरवशाचा, अजिबात भरवशाचा नसलेला आणि अधला-मधला. या तिसऱ्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार हवा.

कोकणात हा तिसराच जास्त भेटतो. आषाढातली रात्र, वीज गेलेली, पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, पळणारा माणूस पाठमोरा दिसलेला. शिवाय साक्षीदार बहुधा भावकीतला. नातलग म्हणून साक्ष फेकून देता येत नाही, हे १९५३ च्या दलीपसिंग खटल्यापासून ठरलेलं आहे. ती बारकाईनं तपासायची एवढंच. खटला उभा राहीपर्यंत कुणी मुंबईला गेलेला असतो, कुणी फितूर होतो. मग उरतो परिस्थितिजन्य पुरावा, म्हणजे आजूबाजूच्या गोष्टी जोडून काढलेला निष्कर्ष.

त्याची कसोटी १९५२ च्या हनुमंत खटल्यात मांडली गेली आणि १९८४ मध्ये पुण्याच्या शरद सारडा खटल्यात पाच तत्त्वांत पक्की झाली. पुराव्यांची साखळी पूर्ण हवी, आणि आरोपी निर्दोष असण्याची कोणतीही वाजवी शक्यता उरता कामा नये. त्या खटल्यात उच्च न्यायालयानं कायम केलेली फाशी रद्द होऊन आरोपी सुटला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे या साखळीतली नेहमीची कडी म्हणजे आरोपीनं गडग्यातून, म्हणजे दगडी कुंपणातून, काढून दिलेला कोयता. १८७२ च्या कायद्याच्या कलम २७ खाली आरोपीच्या निवेदनातला फक्त त्या शोधापुरता भाग पुराव्यात येतो, असं प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयानं, १९४६ मध्ये सांगितलं. पण कोयता घरोघरी असतो, गडगा वाटेवर उघडा असतो, आणि पावसात रक्ताचे डाग टिकणं कठीण. म्हणून पंचांच्या, म्हणजे जप्तीच्या वेळी हजर ठेवलेल्या माणसांच्या, साक्षीवर सगळी भिस्त, आणि पंच फिरले की ही कडी तुटायची.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच दिवसापासून झडती-जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं झालं. कोयता कुणी काढून दिला ते आता कोर्टाला दिसू शकतं. तो तिथं कुणी ठेवला, हे मात्र अजून वेगळं सिद्ध करावं लागतं.