‘आपण’ जिंकलो, ‘ते’ हरले

सामना संपला की चाहत्याच्या तोंडी कोणतं सर्वनाम येतं ते ऐकावं. जिंकलं की ‘आपण मारली!’, हरलं की ‘काय खेळतात हे लोक!’ (इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ला एकच शब्द, मराठी चाहत्याची सोय जास्त.) रॉबर्ट सियाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली हे मोजूनच दाखवलं. अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत, सोमवारच्या तासाला किती जण विद्यापीठाचं नाव छापलेले कपडे घालून येतात ते त्यांनी टिपलं. अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकला असेल तर असे कपडे जास्त दिसत.

एखाद्या पराभवाला टी-शर्ट कपाटात ठेवून भागतं. वर्षानुवर्षं हरल्यावर काय करायचं?

मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेवर सू सेंट मरी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या लेक सुपीरियर स्टेट विद्यापीठाने १९८८, १९९२ आणि १९९४ साली आइस हॉकीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. १९९३चीही अंतिम लढत त्यांनी जवळपास खिशात घातली होती. दोन सत्रांनंतर ४-२ अशी आघाडी. मग मेन विद्यापीठाच्या जिम माँटगोमेरीने पाच मिनिटांच्या आत तीन गोल मारले आणि सामना ५-४ने गेला. प्रशिक्षक जेफ जॅक्सन १९९६ साली सोडून गेले. त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धेचं दारच बंद झालं.

अशा पडझडीत सगळ्यात वाईट पहिली काही वर्षं असणार, असं मला वाटतं. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडांना ठरावीक खुणेनंतर फळांचा रस मिळे. खूण दिसूनही रस आला नाही, की नेमक्या त्या क्षणी मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी मंदावत. रस मिळेलच अशी आशा नसती, तर त्याच्या न येण्याने काही बिघडलं नसतं. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थतज्ज्ञांना २०११ साली याचीच भीषण बाजू दिसली. आपल्या भागातला व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघ जिंकणार असं धरलेलं असताना हरला, की पुरुषांकडून घरात होणारी मारहाण सुमारे १० टक्क्यांनी वाढे. पराभव अपेक्षित असेल तर वाढ दिसत नसे.

म्हणजे काही वर्षांनी अपेक्षा खाली येते आणि पराभव बोचेनासा होतो. हौशी चाहते तोवर पांगलेले असतात. उरतात ते कट्टर, ज्यांची ओळखच संघाशी जोडलेली आहे. त्यांना ‘ते हरले’ म्हणता येत नाही, मग ते आधार शोधतात: रेफरी, नशीब, समोरच्यांचा पैसा, नाहीतर जुना चषक.

२०२१ साली, २५ वर्षांनी, सू सेंट मरीचा संघ पुन्हा राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. पहिल्याच सामन्यात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून ५-१ने हरला. पुढे तेच मॅसॅच्युसेट्स विजेते ठरले. कट्टर चाहत्याला एवढा आधार पुष्कळ झाला: आपण हरलो, पण चॅम्पियनकडून!