प्रवाळ पांढरं का पडतं: दोन दुखण्यांची पार्श्वभूमी

घरच्या रीफ टँकमधलं (खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळाच्या काचटाकीतलं) प्रवाळ पांढरं पडू लागलं की आधी एकच गोष्ट नीट पाहावी: वरचा जिवंत थर अजून आहे का? थर शाबूत असून नुसता रंग गेला असेल, तर ते ब्लीचिंग. थरच सुटून खालचा सांगाडा उघडा पडला असेल, तर दुखणं वेगळं. पहिल्यात धीर धरायचा असतो, दुसऱ्यात घाई करायची असते. उलट केलं तर वाचू शकणारं प्रवाळही हातचं जातं.

ब्लीचिंगची समज समुद्रावरून आली. १९२८-२९ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफवरच्या लो आइल्स इथे ब्रिटिश मोहीम मुक्कामाला होती. तिथे मॉरिस यंग आणि निकोल्स यांनी प्रवाळं गरम पाण्यात आणि अंधारात ठेवून पाहिली. ताण आला की प्रवाळ आपल्या पेशींतलं, त्याला रंग देणारं शैवाल बाहेर टाकतं, हे त्या प्रयोगांतून पुढे आलं. १९६३ च्या फ्लोरा चक्रीवादळानंतर जमैकाच्या किनाऱ्यावर पुराचं गोडं पाणी पसरलं आणि तिथली प्रवाळं पांढरी पडली. थॉमस गोरो यांनी १९६४ मध्ये त्याचं वर्णन केलं. म्हणजे दोष दरवेळी उष्णतेचाच असतो असं नाही. टँकवाल्यांसाठी ही नोंद मला फार मोलाची वाटते. तापमान ठीक आहे म्हणून निश्चिंत होऊ नये, पाण्यातल्या मिठाचं प्रमाणही मोजावं.

घरात प्रवाळ जगवण्याची वाट वेगळी आहे. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये लाइव्ह रॉक (जिवाणू आणि छोटे जीव वसलेला समुद्रातला खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर चालणारी पद्धत लिहून प्रसिद्ध केली. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी लाइव्ह रॉकला प्रोटीन स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), प्रखर दिवे आणि चुन्याच्या निवळीची जोड दिली. त्यांच्यापैकी डिट्रिच श्ट्यूबर यांनी घरी वाढवलेल्या ॲक्रोपोराचे (फांद्यांच्या प्रवाळाचा एक प्रकार) तुकडे इतरांना दिले आणि ते तुकडे टँकाटँकांतून वाढत गेले. या देवाणघेवाणीतून एक गोष्ट लोकांच्या हाताला सवयीची झाली: प्रवाळ कापलं तरी जगतं. शेवटचा उपाय म्हणून निरोगी टोक कापून वाचवण्याचं धाडस मला वाटतं त्यातूनच आलं.

त्या धाडसाची गरज १९९० च्या दशकात पडली. ॲक्रोपोराचा थर काही तासांत गळून पडण्याचे प्रकार तेव्हा गाजू लागले आणि हौशी लोकांत ‘आरटीएन’ (रॅपिड टिश्यू नेक्रोसिस, म्हणजे ऊती झपाट्याने मरणं) हे नाव रुळलं. त्याला एकच असं कारण नाही. अल्कलिनिटीत (पाण्याची आम्लता पेलण्याच्या क्षमतेत) अचानक झालेला बदल, जिवाणू, वाहतुकीचा ताण, काहीही असू शकतं. म्हणून कारण शोधत बसण्याआधी गळतीच्या कडेपासून थोडं आत, निरोगी भागात कापायचं, तुकडा आयोडीनच्या डिपमध्ये (औषधी द्रावणात) थोडा वेळ बुडवायचा आणि शक्य तर दुसऱ्या टँकमध्ये हलवायचा.

फिके गोल चावे दिसले, तर मात्र संशय ॲक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या कृमीवर घ्यावा. रंग हुबेहूब प्रवाळासारखा असल्याने तो सहसा दिसत नाही. त्याचं शास्त्रीय वर्णन २०११ मध्ये टँकमधल्या नमुन्यांवरून झालं. समुद्रातल्या प्रवाळावर, लिझर्ड बेटाजवळ, तो त्यानंतर सापडला. डिपने कृमी गळून पडतात, पण अंडी टिकतात. म्हणून डिप पुन्हापुन्हा द्यावा लागतो आणि अंडी खरवडून काढावी लागतात.

पाण्याबद्दलचा समजही बदलला. पोषकद्रव्यं जितकी कमी तितकं चांगलं, असं बरीच वर्षं मानलं गेलं. २०१३ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की नायट्रेट असताना फॉस्फेटची उपासमार झाली, तर प्रवाळ प्रकाश आणि उष्णतेपुढे अधिक लवकर हार मानतं. त्यामुळे ब्लीच झालेल्या प्रवाळाला आज दिवे मंद करून, पाण्याचे गुणधर्म स्थिर ठेवून, बारीक खाद्य थोडं थोडं देऊन सांभाळतात. शैवाल परतलं की आधी तपकिरी छटा येते. तिला आजार समजून पुन्हा पाणी बदलत सुटू नये.