खेळकोपरा (घरातील)

लहान मुलाला स्वतःच्या मनाने खेळता यावे, वस्तू हाताळता याव्यात, रेघोट्या ओढता याव्यात आणि पुस्तके चाळता यावीत म्हणून घरात राखून ठेवलेली जागा म्हणजे खेळकोपरा. मूल रांगायला लागल्यापासून साधारण सहाव्या वर्षापर्यंत तो उपयोगी पडतो. त्यासाठी स्वतंत्र खोली लागत नाही. मोकळी जमीन, एक अंथरूण आणि एक बुटके कपाट एवढे पुरते. कोपरा चांगला की वाईट हे ठरवायला एकच गोष्ट पाहावी: मोठ्यांना हाक न मारता मुलाला हवी ती वस्तू घेता येते का, आणि खेळून झाल्यावर ती जागेवर ठेवता येते का.

मुलाच्या मापाने जागा घडवण्याचा विचार शिक्षणशास्त्रात एकोणिसाव्या शतकापासून रुजला. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाट ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली. तिलाच पुढे ‘किंडरगार्टन’ हे नाव मिळाले. चेंडू, घन, ठोकळे यांचे त्यांनी केलेले क्रमवार संच हे आजच्या कित्येक खेळण्यांचे पूर्वज आहेत. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तिथे सुरुवातीला साहित्य उंच कपाटात कुलूपबंद असे आणि शिक्षिका ते वाटत असे. एकदा कपाट उघडे राहिले, तेव्हा मुलांनी आपापल्या आवडीची साधने काढून घेतली. शिक्षिकेला ती चोरी वाटली. माँटेसरींनी मात्र ताडले की मुलांना वस्तूंची पुरेशी ओळख झाली आहे आणि त्या निवडता येतात. मग उंच कपाटांच्या जागी बुटकी कपाटे आली. घरातल्या खेळकोपऱ्याचे सगळे शास्त्र या एका बदलात आहे.

कोपरा कुठे मांडावा, यावर बरेच काही अवलंबून असते. घराच्या टोकाला सजवलेली खोली बहुधा ओस पडते आणि मूल खेळणी उचलून मोठी माणसे असतील तिथे येते. म्हणून मोठ्यांचा वावर असेल त्या खोलीतच, पण येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेला भाग निवडावा. दिवसाचा उजेड असावा. दूरचित्रवाणी संच त्याच खोलीत असेल तर तो बंद ठेवणे हाच उपाय. एक ते तीन वर्षांच्या ५० मुलांवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मागे मोठ्यांचा कार्यक्रम सुरू असताना मुले त्याकडे क्षणभरच बघत. तरीही त्यांचा खेळ वारंवार तुटत होता.

मांडणी करताना गुडघ्यांवर बसून फळ्यांकडे पाहावे. मुलाला काय दिसते आणि त्याचा हात कुठवर पोचतो ते तेव्हाच कळते. सगळी खेळणी एका मोठ्या खोक्यात ओतण्याची पद्धत सोयीची वाटते, पण ती मुलाच्या मुळावर येते. तळाशी काय आहे ते दिसत नाही, चित्रकोड्याचे तुकडे हरवतात आणि हवी ती वस्तू शोधायला सगळे खोके पालथे होते. त्यापेक्षा उघड्या फळीवर एकेक वस्तू सुटी, तिच्या ट्रेमध्ये किंवा टोपलीत ठेवावी. टोपलीवर आतल्या वस्तूचे चित्र चिकटवले की वाचता न येणारे मूलही आवरू शकते.

वस्तू थोड्याच असाव्यात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी दिली. चारच खेळणी होती तेव्हा मुले एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि त्याचे अधिक तऱ्हांनी उपयोग करून पाहू लागली. बाकीची खेळणी नजरेआड ठेवून आलटूनपालटून काढावीत. मात्र मूल ज्यात गुंतले आहे ते ठरलेला दिवस आला म्हणून उचलू नये.

काय ठेवावे, याचे उत्तर महागड्या ‘शैक्षणिक’ खेळण्यांत नाही. लाकडी ठोकळे, जाड रंगखडू व कोरे कागद, मळलेले पीठ किंवा माती, बाहुली, खेळभांडी आणि मुखपृष्ठ समोर दिसेल अशी लावलेली चार-सहा पुस्तके बराच काळ पुरतात. त्यांच्या जोडीला एका ट्रेवर पाण्याची छोटी सुरई, दोन वाट्या आणि एक फडके ठेवून पाहावे. दोन वर्षांचे मूल ओठ घट्ट मिटून, दोन्ही हातांनी सुरई तिरकी करते. पाणी वाटीबाहेर जाते. ते फडके घेऊन पुसते आणि पुन्हा ओतते. फडके तिथेच असल्यामुळे मोठ्यांना उठावे लागत नाही आणि खेळ थांबत नाही. भिंती मात्र तक्ते आणि अक्षरमालांनी भरू नयेत.

बसताना पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. शालेय फर्निचरच्या युरोपीय मानकानुसार साधारण ९३ ते ११६ सेंमी. उंचीच्या मुलासाठी खुर्चीची बैठक २६ सेंमी. आणि टेबल ४६ सेंमी. उंच असते. याहून लहान मुलाला जमीनच बरी.

सुरक्षिततेत हयगय चालत नाही. मूल फळ्यांवर चढणारच, म्हणून कपाट भिंतीला पक्के जखडावे. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या मानेभोवती अडकतात. त्या काढून टाकाव्यात. बारीक वस्तू घशात अडकू शकते, म्हणून अमेरिकेत ३१.७ मिमी. व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत चालत नाही. बटणासारखा चपटा सेल गिळला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणे घरात आणू नये.

धाकटे भावंड रांगायला लागले की कोपरा नव्याने मांडावा लागतो. मणी आणि बारीक तुकडे थोरल्याचा हात पोचेल पण धाकट्याचा पोचणार नाही अशा उंचीवर जातात. अर्धवट राहिलेली रचना न मोडता राहावी म्हणून एक वरची फळी थोरल्याच्या नावे करावी. चार-पाच वर्षांची मुले एकच खेळ कित्येक दिवस पुढे नेतात.