सायकलीचा पायब्रेक

हँडलवर लिव्हर नाही, फ्रेमवरून तार गेलेली नाही आणि तरीही सायकल थांबते, ती बहुधा पायाच्या जोरावर. पेडल उलटे दाबल्यावर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, लागणारा ब्रेक हा याचा सर्वांत रुळलेला प्रकार. फ्रीव्हील (पेडल थांबले तरी चाक फिरू देणारी रचना) नसलेल्या सायकलीत मात्र ब्रेक म्हणून वेगळी वस्तूच नसते. फिरत्या पेडलांना पायांनी अडवायचे, एवढेच. दोन्हींत पायाचा जोर साखळीतूनच चाकापर्यंत पोचतो. त्यामुळे धावत्या सायकलीची साखळी उतरली की ब्रेकही गेला.

खरे तर फ्रीव्हील येण्यापूर्वी पाय आणि चाक यांची फारकत झालेलीच नव्हती. पुढचे चाक प्रचंड मोठे असलेल्या जुन्या सायकलींत पेडल थेट चाकालाच जोडलेले असे. चाक फिरेल तोवर पेडल फिरणार आणि पाय जड केले की वेग कमी होणार. तीव्र उतारावर पेडलांचा वेग पायांना झेपत नसे, तेव्हा स्वार पाय उचलून हँडलवर टाकत. म्हणजे ब्रेकची गरज सर्वाधिक तेव्हाच तो सोडून द्यायचा! 1860 च्या दशकातल्या फ्रेंच सायकलींत हातानेच पण लिव्हरविना लागणारा ब्रेकही होता : हँडलची दांडी पिळली की दोरी ताणली जाई आणि मागच्या चाकावर पट्टी घासे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील रुळले, पाय न हलवता उतार उतरता येऊ लागला, आणि त्याच सोयीने पायाची चाकावरची पकड काढून घेतली. ती परत देणाऱ्या हबांमध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथील फिश्टेल उंड साक्स कंपनीचा ‘टॉर्पेडो’ हब (1903) विशेष गाजला.

अशा अनेक हबांमधली करामत एका नटाची आहे. चेनच्या चक्रीला जोडलेल्या भागावर जाड, तिरके आटे असतात आणि त्यांवर शंकूच्या आकाराचा नट बसलेला असतो. पेडल पुढे मारले की नट आट्यांवरून चक्रीच्या बाजूला सरकतो, हबच्या निमुळत्या पोकळीत आवळला जातो आणि चाक ओढू लागतो. पेडल थांबवले की आवळ सुटते, चाक मोकळे. पेडल उलटे दाबले की तोच नट विरुद्ध बाजूला सरकतो, ब्रेकच्या धातूच्या शूंमध्ये पाचरीसारखा घुसतो आणि त्यांना फाकवून हबच्या आतल्या भिंतीवर दाबतो. शू चाकाबरोबर फिरू नयेत म्हणून हबच्या डाव्या अंगाची एक लांबट पट्टी फ्रेमच्या नळीला क्लिपने बांधलेली असते. पंक्चरसाठी चाक काढले आणि बसवताना ही क्लिप आवळायची राहिली, तर ब्रेक लावताच पट्टी गरगर फिरते आणि ब्रेक धरत नाही.

सगळे हबच्या पोटात असल्याने पावसाचा, चिखलाचा त्रास नाही आणि रिम वाकडी झाली तरी बिघडत नाही. लहान मुलांच्या हातांना लिव्हर जड जाते. त्यांच्या सायकलींत हा ब्रेक म्हणूनच टिकून आहे, तसाच नेदरलँड्समधल्या रोजच्या वापराच्या सायकलींतही. अडचण थांबल्यावर कळते. निघताना एक पेडल वर हवे असते, पण ते उलटे फिरवून वर आणता येत नाही. मागचे चाक उचलून पुढे फिरवावे लागते. शिवाय पेडल आडवे असताना जोर पुरता लागतो, उभे असताना जवळजवळ लागतच नाही.

लांब उतार हे याचे खरे दुखणे. कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्सजवळ 1976 पासून जुन्या, जाड टायरच्या सायकलींवरून कच्च्या रस्त्याच्या उतारावर शर्यती होत. खाली पोचेपर्यंत हबमधले ग्रीस तापून धूर होऊन जाई आणि हब उघडून ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या रस्त्याचे नावच ‘रिपॅक’ पडले. माउंटन बाइकच्या इतिहासात या शर्यतींना मानाचे स्थान आहे.

फ्रीव्हील नसलेली सायकल मुख्यतः ट्रॅकवरची. तिथे सगळे एकाच दिशेने धावतात आणि कुणी अचानक ब्रेक लावला तर मागचे त्याच्यावर आदळतील. म्हणून तिथल्या शर्यतींत ब्रेकला मनाई आहे. याच सायकली रस्त्यावर आल्या तेव्हा स्वार वजन पुढे टाकून, पाय ताठ धरून मागचे चाक घसरवू लागले. यात एक मजेदार गणित आहे. पुढच्या चक्रीला 48 आणि मागच्या चक्रीला 16 दाते असतील, तर पेडलाच्या एका फेऱ्यात चाकाचे नेमके तीन फेरे होतात आणि तोच पाय पुढे धरून घसरवले तर टायर दर वेळी एकाच जागी झिजतो. मागे 17 दाते घातले की ती झीज 17 जागी वाटली जाते.

मात्र कसब कितीही असो, चाक मागचेच. वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर जातो, मागचे हलके होते आणि घसरते. सेकंदाला 7 मीटर वेग असताना केवळ मागच्या चाकाने दर सेकंदाला 2.5 मीटर प्रतिसेकंद या दराने वेग उतरवला, तर थांबायला सुमारे 10 मीटर लागतात. पुढच्या ब्रेकने याच्या दुप्पट दर कोरड्या रस्त्यावर मिळू शकतो, म्हणजे अंतर निम्मे. ब्रिटनचा कायदा फ्रीव्हील नसलेल्या चाकाला मागचा ब्रेक मानतो, पण रस्त्यावर यायचे तर पुढच्या चाकाला वेगळा ब्रेक लावायलाच सांगतो.