पुन्हा तीच गोष्ट?

लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवणाऱ्या सगळ्यांची एक तक्रार असते: कपाटात नवीकोरी पुस्तकं पडून आहेत आणि पोराला रोज ते कोपरे चावलेलं जुनंच हवं. कंटाळून एखादं पान गाळावं, तर चोरी लगेच पकडली जाते. हा हट्ट खुशाल पुरवावा.

ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांनी कधी न ऐकलेली नावं असलेल्या वस्तू त्यांनी गोष्टींमध्ये पेरल्या. काही मुलांना त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकवल्या, काहींना दर वेळी वेगळ्या. नवे शब्द मात्र दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले. आठवड्याभराने तीच गोष्ट ऐकणारी मुलं ते शब्द ओळखण्यात पुढे होती. पुढे काय होणार हे एकदा ठाऊक झालं, की लक्ष शब्दांकडे द्यायला मोकळं होत असावं.

शब्दांसाठी पुस्तकच कशाला, घरात दिवसभर बोलतोच की आपण! बोलतो, पण काय? जेव, झोप, चप्पल घाल, तिकडे जाऊ नकोस. गलबत, गुहा, रुसलेली राणी यांची गाठ बहुधा पुस्तकातच पडते. जेसिका मॉन्टॅग यांच्या गटाने २०१५ मध्ये १०० इंग्रजी चित्रपुस्तकांची तुलना मुलांशी होणाऱ्या बोलण्याशी केली, तेव्हा पुस्तकांत वेगवेगळे शब्द जास्त निघाले.

अर्थात नुसतं धडाधडा वाचत सुटण्यानेही फारसं साधत नाही. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना वाचताना प्रश्न विचारायला शिकवलं. ‘माऊ कुठंय?’ म्हटलं की मूल बोट दाखवतं आणि विषय संपतो. ‘माऊ भिंतीवर का चढली?’ असं विचारलं की त्याला बोलावं लागतं. ते म्हणतं, ‘भुभू!’ मग आपण म्हणायचं, ‘हो, काळा भुभू मागे लागला म्हणून चढली.’ एका शब्दाचं वाक्य झालं. महिन्याभरात ही मुलं भाषेच्या चाचण्यांमध्ये इतरांपेक्षा सहा ते साडेआठ महिने पुढे गेली. विशेष म्हणजे, दुसऱ्या गटातले पालकही तितकंच वाचत होते. चित्रांवर असं बोलायला लिहिता-वाचता यावं लागत नाही, त्यामुळे निरक्षर आजीही यात कुठे कमी पडत नाही.

आणि अक्षरं? तिसऱ्या वर्षी ‘अ ते ज्ञ’ म्हणून दाखवणाऱ्या मुलाचं पाहुण्यांपुढे कौतुक होतं. माझ्या मते ती घाई फुकट आहे. बोलणं मूल ऐकता ऐकता उचलतं, वाचन तसं येत नाही. लेखन जेमतेम पाच हजार वर्षांचं, त्यासाठी मेंदूत वेगळी जागा तयार व्हायला तेवढा काळ पुरेसा नाही. स्तानिस्लास देआन या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या मांडणीनुसार वस्तू आणि चेहरे ओळखणारा मेंदूचा डावीकडचा भाग वाचन शिकताना अक्षरांच्या कामाला लागतो. त्याच्या जुन्या सवयी सहज जात नाहीत. कपाचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, कप तोच. म्हणून सुरुवातीला मुलं अक्षरं आणि अंक उलटे काढतात. आपल्याकडे ३ आणि ६ तर एकमेकांकडे पाठ फिरवूनच बसलेले! यात बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं.

देवनागरीत आणखी एक गोम आहे. ऱ्हस्व वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, उच्चारायची मात्र नंतर. अशा शब्दांपाशी हिंदी वाचक रेंगाळतात, हे ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये दाखवलं. अक्षरं, काने, मात्रा, जोडाक्षरं मिळून पसारा मोठा असतो. कन्नड शिकणाऱ्या मुलांमध्ये सोनाली नाग यांना अक्षरज्ञान पक्कं व्हायला काही इयत्ता जाताना दिसल्या. या पसाऱ्यात आधी ऐकलेल्या गोष्टी कामाला येतात. ‘शिकारी’ हा शब्द कानात बसलेला असला, तर पहिलीतलं मूल ‘शि’वर अडखळूनही ‘कारी’ दिसताच सावरतं. शब्द कधी ऐकलाच नसेल, तर तीन अक्षरं जोडूनही हाती काही लागत नाही.